आठ आण्यांचा आलेख

दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे असते, हे ज्या पालकाला ठाऊक नाही त्याने अभ्यासाला बसलेल्या आपल्या अपत्याजवळून जाताना "काय गं, काही अडलंय का?" असे विचारू नये. मी विचारले. कन्येने आलेख कागद, पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल माझ्यापुढे सरकवली आणि ती स्वतः दाणे खायला मोकळी झाली.

उदाहरण साधे होते. क्ष + य = ५ आणि क्ष − य = १ ही समीकरणे आलेखाने सोडवायची होती. उत्तर ३ आणि २ आहे हे मी तोंडीच सांगून टाकले. परंतु 'आलेखाने सोडवा' याचा अर्थ, जे उत्तर आधीच ठाऊक आहे त्याच्या घरी रीतसर पत्ता शोधत जायचे, असा असतो. क्षला तीन किमती द्यायच्या, यच्या तीन काढायच्या, कोष्टक आखायचे, बिंदू मांडायचे आणि पट्टी लावून ते जोडायचे. दोन बिंदूंमधून सरळ रेषा जातेच, तिला त्यात काही विशेष वाटत नाही. तिसरा बिंदू घेतात तो निव्वळ चहाडी करण्यासाठी. माझ्या तिसऱ्याने ती केली. दुसऱ्या समीकरणात क्ष उणे २ धरल्यावर य उणे ३ यायला हवा होता. मी घाईत त्याचा उणे गिळला, आणि तिसऱ्या चरणात ज्याचे घर, तो बिंदू दुसऱ्या चरणात जाऊन उपरा बसला.

"पट्टी जराशी तिरकी धरली तर?" असे मी विचारून पाहिले.

"बाबा, सरळ रेषा आहे ती," कन्या म्हणाली. तिच्या आवाजात दया होती, आणि तीच सहन होत नाही.

चूक दुरुस्त होते न होते तोच चौथ्या चरणात एक डास बसला आणि मी सवयीने हात मारला. तेथे जो ठिपका उमटला त्याचे निर्देशक बरोबर (३, −२) होते. छताखाली फिरणाऱ्या माशीचे स्थान सांगता सांगता फ्रेंच गणिती देकार्तला अक्षांची कल्पना सुचली, अशी एक सांगोवांगीची गोष्ट आहे. तिला पुरावा नाही. १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'भूमिती' या ग्रंथात आजच्यासारखे एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन अक्षही नीटसे सापडत नाहीत. ती टापटीप नंतरच्यांची. पण त्या माशीने देकार्तला काही तरी दिले असे निदान लोक म्हणतात. आमच्या डासाने नवा आलेख कागद आणायला लावला.

दुसरे काम अधिक घातक होते. रोजच्या व्यवहारातील दोन राशींचा संबंध आलेखाने दाखवायचा होता. या वेळी मी उदाहरण स्वतः निवडले, कारण या विषयावर माझा आयुष्यभराचा अभ्यास आहे: पुण्यातील रिक्षाचे अंतर आणि भाडे. सप्टेंबर २०२२ पासूनचा दर मला पाठ होता. पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७. क्ष-अक्षावर अंतर, य-अक्षावर भाडे. प्रमाण ठरवताना मी उदारपणे म्हणालो, "एक सेंटीमीटर बरोबर एक रुपया धर, हिशेब सोपा जातो." आलेख कागदाची उंची पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणजे रिक्षाने मीटर टाकला, अजून कोपराही ओलांडला नाही, आणि आमचा कागद संपला. त्याच प्रमाणात दहा किलोमीटर जायचे तर एक मीटर साडेएकोणसत्तर सेंटीमीटर उंचीचा कागद लागला असता, जो लावण्याजोगी भिंत आमच्या घरात एकच आहे आणि तेथे आईने देव मांडले आहेत.

मग एक सेंटीमीटर म्हणजे दहा रुपये ठरले. मी आरंभबिंदूपासून एक तडफदार तिरकी रेघ ओढली आणि सांगितले, "अंतर दुप्पट झाले की भाडे दुप्पट. याला समचलन म्हणतात." कन्येने दाणे बाजूला ठेवले. तिने दीड किलोमीटरचे २५ मांडले, तीनचे काढले, आणि ते पन्नास रुपये पन्नास पैसे आले. दुप्पट करून पन्नास व्हायला हवे होते. वरचे आठ आणे कोठून आले?

त्या आठ आण्यांनी माझी झोप उडवली. घर निजल्यावर मी स्वयंपाकघरातील दिव्याखाली पुन्हा बिंदू मांडले: दीडला २५, अडीचला ४२, साडेतीनला ५९, साडेचारला ७६. चारही बिंदू शहाण्या मुलांसारखे एका रेषेत उभे राहिले. समीकरण निघाले, य = १७क्ष − ०.५. पट्टी न हलवता मी ती रेषा मागे वाढवत नेली, दीड किलोमीटरच्या अलीकडे, एकाच्या अलीकडे, आणि ती आरंभबिंदूला न भेटता अर्ध्या मिलिमीटरने खाली उतरून य-अक्षाला उणे अर्ध्यावर टेकली. पेन्सिलीचे टोक त्याहून जाड असल्याने हे डोळ्यांना दिसत नव्हते, परंतु समीकरणात स्पष्ट होते. शून्य किलोमीटर प्रवास केल्यास रिक्षावालाच आपल्याला आठ आणे देणे लागतो!

सकाळी मी हे जाहीर केले तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, दूध उतू जातंय." कन्या म्हणाली, "बाबा, दीड किलोमीटरच्या आत रेषा आडवी आहे, पंचवीसवर. ही मागे न्यायचीच नाही." तिचे म्हणणे निर्विवाद बरोबर होते आणि म्हणूनच मी ते मनावर घेतले नाही.

कचेरीत जायला रिक्षा केली. साडेचार किलोमीटरला मीटरवर ७६ आले, तेव्हा मला आपले पोर पहिले आल्यासारखे वाटले, आणि सुटे मोजता मोजता मी रिक्षावाल्याला आलेखाचे मर्म समजावून सांगितले: आडवा भाग, तिरका भाग, मागे वाढवलेली रेषा, आणि तिच्या टोकाशी त्याच्याकडे निघणारे माझे आठ आणे. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, ऐंशी रुपये खिशात घातले, आणि रिक्षा सुरू करत म्हणाला, "काका, मग उद्या बसूच नका. आठ आणे मी देतो."

वरचे चार रुपये त्याच्याकडेच राहिले.