एन्सेलॅडसची पृथ्वी करण्याआधी हवेचा हिशोब मांडावा

शनीच्या एन्सेलॅडस या उपग्रहाच्या पोटात खाऱ्या पाण्याचा महासागर असल्याचे सिद्ध झाल्यापासून मानवाच्या भावी वसाहतींच्या यादीत त्याचे नाव सर्रास घेतले जाते. पाणी आहे, आतून ऊब आहे, मग त्याला थोडे तापवून, भोवती हवेचे आवरण घालून तिथे दुसरी पृथ्वी का वसवू नये, असा युक्तिवाद वाचायला मिळतो. माझ्या मते तिथे माणसाने राहणे महाकठीण असले तरी अशक्य कोटीतले नाही. त्याची पृथ्वी करणे मात्र भौतिकशास्त्रालाच मंजूर नाही.

खरी अडचण आकाराची आहे; उणे 200 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी त्यापुढे किरकोळच म्हणायची. एन्सेलॅडसचा व्यास जेमतेम 504 किलोमीटर आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक टक्क्याहून थोडेसे जास्त. इथे अर्धा मीटर उंच उडी मारणारा माणूस तिथे चाळीसेक मीटर वर जाऊन जवळजवळ मिनिटभराने खाली टेकेल. ही गंमत हवेच्या बाबतीत जिवावर बेतते, कारण तिथला मुक्तिवेग, म्हणजे गुरुत्वाकर्षणातून कायमचे सुटायला लागणारा वेग, सेकंदाला केवळ 239 मीटर आहे, आणि शून्य अंश तापमानाला नायट्रोजनचे रेणू सरासरी 450 मीटरहून अधिक वेगाने धावत असतात. म्हणजे आणलेली हवा जितकी उबदार करावी, तितक्या लवकर ती अवकाशात निसटून जाणार. शिवाय तिथली जमीन म्हणजेच बर्फ. तापमान शून्याच्या वर नेले की पायाखालचे कवचच वितळू लागेल.

राहायचेच असेल, तर बर्फाच्या आत राहावे लागेल, आणि इथे हिशोब काहीसा आपल्या बाजूने येतो. सुमारे एक किलोमीटर खोलीवर बर्फाच्या वजनाचा दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाइतका भरतो, त्यामुळे तिथे कोरलेल्या दालनाच्या भिंतींवर आतल्या हवेचा फाजील ताण येणार नाही आणि किरणोत्सारापासूनही उत्तम संरक्षण मिळेल. मात्र सूर्यप्रकाश पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास असल्याने अणुभट्टीला पर्याय नाही, आणि तिची उष्णता भिंतीत मुरू न देणे हेच तिथल्या अभियंत्यांचे रोजचे काम होऊन बसेल. इतक्या कमी गुरुत्वाकर्षणात मुले कशी वाढतील, या प्रश्नाला तर आज कोणाकडेच उत्तर नाही.

हे सारे जमले, तरी माझा आक्षेप उरतोच. दक्षिण ध्रुवाजवळच्या चार लांब भेगांतून तो महासागर स्वतःच बाहेर फवारला जातो; कॅसिनी यान ऑक्टोबर 2015 मध्ये पृष्ठभागापासून अवघ्या 49 किलोमीटरवरून त्या फवाऱ्यांतून गेले होते. त्यांत सेंद्रिय रेणू आणि हायड्रोजन सापडले, आणि कॅसिनीच्याच नोंदींतून 2023 मध्ये फॉस्फेटचाही पुरावा पुढे आला; म्हणजे तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पृथ्वीवरचे जंतू चुकूनही तिथे पोहोचू नयेत म्हणून सप्टेंबर 2017 मध्ये ते यान मुद्दाम शनीच्या वातावरणात जाळून टाकण्यात आले. एका निर्जीव यंत्राबाबत एवढी दक्षता घेतल्यावर, अब्जावधी जीवाणू अंगावर वागवणारी माणसे तिथे धाडण्याची घाई मला समजत नाही.

युरोपीय अवकाश संस्थेने पुढील मोठ्या मोहिमेसाठी एन्सेलॅडसला पसंती दिली आहे. खोल छिद्र न पाडता, ध्रुवावर पडलेला ताजा हिमकण तपासण्याची सोय निसर्गानेच करून ठेवल्यामुळे, माझ्या दृष्टीने पहिला खर्च त्या तपासणीवरच व्हायला हवा.