खणखणीत नाणं

एखाद्या माणसाला आपण 'खणखणीत नाणं' म्हणतो, तेव्हा नाणं प्रत्यक्ष वाजवून पाहिलेलं नसतं. मी पाहिलंय. चांदीचं नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली की बारीक, लांबत जाणारा नाद येतो. माझ्या पहिल्या नाण्याने 'थप्' केलं. ओल्या लाकडावर थाप मारावी तसं. मी मनाची समजूत घातली, की दीड-दोन हजार वर्षं जमिनीत काढल्यावर कुणाचाही आवाज बसेल.

नाण्यावर रोमन सम्राट होता आणि त्याच्या गालावर एक खोक. ही खोक मी पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवायचो. तीन महिन्यांनी दुसऱ्याच एका विक्रेत्याच्या ट्रेमध्ये तोच सम्राट भेटला. तीच खोक, त्याच जागी, तेवढीच लांब. एका ठशाने पाडलेली दोन नाणी सारखी असतात, हे ठीक. पण पुढे आयुष्यात खाल्लेला मारसुद्धा दोघांना सारखाच कसा? मूळ नाण्यावरून साचा काढून ओतत सुटलं की असं होतं. साचा बिचारा इमानी, ओरखड्यांसकट सगळं उतरवतो. घरी येऊन भिंग लावलं. पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक छिद्रं, कडेवर साच्याची शिवण आणि ती लपवायला मारलेली कानस. हे सगळं पहिल्या दिवशीही तिथंच होतं. भिंगही होतं. मी त्यातून सम्राटाचं नाक बघत होतो.

मग मात्र मी पेटलो. मिलिग्रॅम दाखवणारा वजनकाटा आला, व्यास मोजायला कॅलिपर आला, लोहचुंबक आलं. चुंबकाला नाणं चिकटलं तर ते चांदीचं नाही, हे नक्की. पण तांबं, पितळ आणि शिसंही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाची साक्ष फक्त विरुद्ध गेली तरच कामाची. त्यात कार्ल विल्हेल्म बेकरबद्दल वाचलं आणि झोपच उडाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा हा जर्मन गृहस्थ प्राचीन नाण्यांचे ठसे स्वतःच कोरायचा. ओतकाम नाही, म्हणजे ना शिवण, ना बुडबुडे. कोरी नाणी जुनी दिसावीत म्हणून ती लोखंडाच्या किसात आणि चरबीत घालून, डबा घोडागाडीत ठेवून तो फेरफटका मारून आणायचा, असं सांगतात. त्यानंतर मला सुट्टे पैसेही संशयास्पद वाटू लागले.

अशा मनःस्थितीत ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाचा थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, हाती आला. साल 1780. वजन 28.07 ग्रॅम, बरोबर. व्यास 39.5 मिलिमीटर, बरोबर. कडेवर लॅटिनमध्ये 'न्याय आणि दया', अक्षरं स्वच्छ. उरली घनता. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि थालर दोऱ्याला बांधून, तळाला टेकू न देता, पाण्यात सोडला. श्वास रोखून.

"अहो, बुडलं तर खरं, की तरंगलं तर?" बायको मागून म्हणाली.

हात हलला. पुन्हा. तिसऱ्या खेपेला आकडा, म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, 2.75 वर थांबला. 28.07 भागिले 2.75 म्हणजे 10.2. या नाण्यात चांदी 83.3 टक्के, बाकी तांबं. घनता अगदी हीच हवी. टिचकी मारली. असा नाद आला, की शेजारच्या खोलीतून "दार उघडा कुणीतरी" अशी हाक आली.

दुसऱ्या दिवशी एका बुजुर्ग संग्राहकांकडे गेलो. काकांनी भिंगसुद्धा उचललं नाही.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "चांदी अस्सल, टाकसाळ अस्सल."

"म्हणजे 1780 चं..."

"छे! राणी 1780 मध्येच वारली. पण व्यापाऱ्यांचा या नाण्यावर इतका भरवसा, की पुढेही तेच साल घालून पाडत राहिले. व्हिएन्ना, लंडन, रोम, मुंबई, कुठेकुठे. व्हिएन्नात अजून पाडतात. तुमचं चांगलंच ताजं दिसतंय."

परतताना विकणाऱ्याचं एकेक वाक्य आठवून पाहिलं. 1780 मध्ये पाडलंय, असं तो एकदाही म्हणाला नव्हता. "साल वाचा की साहेब," एवढंच म्हणाला होता. आणि ते मी भिंगातून वाचलं होतं.