‘दोन दिवस गेले आणि ससा अर्धाच’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

अभिप्राय तुम्ही सविस्तर लिहिलात, म्हणून उत्तरही सविस्तर देते. आमच्या सॉफ्ट टॉय कार्यशाळेला तुम्ही दोन तारे दिलेत. पहिला अर्धा दिवस फेल्टच्या हत्तीच्या आकाराचं पिनकुशन (टाचण्या टोचून ठेवायची गादी) करण्यात आणि कापड बेतण्यात गेला, मशीन असूनही हाताने शिवायला लावलं, झालेली शिवण उसवायला लावली, ट्रेमध्ये चकचकीत डोळे असूनही दिले नाहीत आणि शेवटी बिनडोळ्यांचा, पाठ उघडी असलेला ससा घेऊन घरी जावं लागलं, अशा तुमच्या तक्रारी आहेत. हे सगळं घडलं आहे. का घडलं ते सांगते, म्हणजे यायचं की नाही हे ठरवणाऱ्यांनाही कळेल.

डोळ्यांपासून सुरू करते, कारण बाकी कशातही सवलत देता येते, यात नाही. ससा पुतणीसाठी आहे आणि ती अजून चालायलाही लागलेली नाही, हे तुम्हीच सकाळी सांगितलं होतं. त्या वयाचं मूल ससा आधी तोंडात घालणार. ट्रेमधल्या डोळ्यांना बाजारात ‘सेफ्टी आय’ म्हणतात, मागून वॉशर दाबून बसवला की ते ओढून निघत नाहीत, असा सर्वांचा समज असतो. वॉशर सहसा दांडीवरून सुटत नाही, हे खरं. पण फरचं कापड मागून बऱ्याचदा विणलेलं, ताणलं जाणारं असतं. ओढून, चावून, धुऊन डोळ्याभोवतीचं भोक मोठं होत जातं आणि एक दिवस डोळा वॉशरसकट बाहेर येतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांत सुटे होऊ शकणारे लहान भाग नसावेत, असा नियम अनेक देशांत आहे. ते तपासायला 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. सुटलेला भाग त्यात पूर्ण मावला तर तो लहान मुलासाठी धोक्याचा. ट्रेमधला सर्वांत मोठा डोळासुद्धा त्यात आरामात मावतो. युरोपच्या ईएन 71 या मानकात असा डोळा 90 न्यूटन जोराने, म्हणजे साधारण नऊ किलो वजन टांगल्यासारखा, ओढून पाहतात. आमच्या टेबलावर ती चाचणी करायची सोय नाही. म्हणून तान्ह्या मुलांच्या खेळण्याला डोळे दोऱ्याने भरायचे, हा आमचा नियम आहे आणि तो कुणासाठीही बदलत नाही. ट्रेमधले डोळे, कपाटात ठेवायची अस्वलं करणाऱ्यांसाठी असतात.

आता शिवण. सशाच्या डोक्याची बाजू आणि मधली पट्टी तुम्ही जोडली होती, नाकापासून मानेपर्यंत. दिसायला सुरेख होती. मी ती दोन अंगठ्यांमध्ये धरून ताणली तेव्हा टाक्यांच्या मधून फट दिसली, कारण तो धावदोरा होता, म्हणजे सुई नुसती पुढे नेत घातलेले टाके; प्रत्येक टाक्याला सुई मागे घेऊन घालायची उलटी टीप नव्हती. रिकाम्या कापडावर ही फट डोळ्यांना दिसत नाही. आत फायबर ठासून भरलं की शिवणीवर आतून सतत ताण येतो, तिथून आधी पांढरे तंतू डोकावतात, मग टाका सुटतो. मूल ते तंतू बोटाने ओढणार हे तर ठरलेलंच. तुमच्या हातात रिपर, म्हणजे शिवण उसवायचं हत्यार, दिला तो एवढ्यासाठी. दुसऱ्यांदा तुम्ही घातलेली टीप मी तशीच ताणून पाहिली होती, ती जराही उघडली नाही. अभिप्रायात ही गोष्ट राहून गेली आहे, आणि माझ्या मते त्या दोन दिवसांतलं तुमचं सर्वांत चांगलं काम तेच होतं.

मशीनबद्दल थोडक्यात सांगते. लांब लव असलेल्या फरचे दोन थर मशीनच्या पायाखाली एकमेकांवरून सरकतात, आणि पंजाचं किंवा नाकाचं लहानसं वळण नवख्या हाताला मशीनवर नीट घेता येत नाही. सुई हातात असली की प्रत्येक टाक्याला लव आत ढकलता येते. हात बसल्यावर मशीन घ्या, आमची काहीच हरकत नाही.

बेतण्यात वेळ गेला हे बरोबर, आणि तो जायलाच हवा. साध्या कापडासारखी दुहेरी घडी घालून फर कापली तर लव कापली जाते आणि शिवणीच्या कडेला टक्कल पडल्यासारखा पट्टा दिसतो. एकेरी कापड उलटं ठेवून, कातरीचं फक्त टोक लवेच्या मुळाशी सरकवत, केवळ मागचं कापड कापायचं असतं. शिवाय प्रत्येक तुकड्याची डावी-उजवी जोडी लागते, म्हणजे साचा एकदा सुलट आणि एकदा उलटा ठेवायचा, पण लवेचा बाण, म्हणजे लव कुठे झुकते ते दाखवणारी साच्यावरची खूण, दोन्ही वेळा एकाच दिशेला. तुमच्या शेजारच्या टेबलावर दोन्ही कान डावेच कापले गेले होते आणि ते कापड वाया गेलं. तुमचे कान बरोबर आले, कारण तुम्ही घाई केली नाहीत.

फेल्टच्या हत्तीला तुम्ही ‘शाळकरी मुलांचं काम’ म्हटलंत, ते मात्र मला लागलं. फेल्टला लव नसते, त्याच्या कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे हाताला फक्त टाका आणि भरणं एवढंच शिकता येतं. शिवाय हा धंदा उभा राहिला तोच अशा हत्तीवर. जर्मनीतल्या मार्गारेट श्टाइफ यांनी 1880 साली फेल्टचा छोटा हत्ती केला तो पिनकुशन म्हणून. मुलं त्याच्याशी खेळायला लागली आणि त्यातून त्यांचा खेळण्यांचा कारखाना झाला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचे पाय निकामी होते आणि उजवा हात दुखायचा, तरी त्यांनी शिवणकाम सोडलं नाही. पुढे 1902 मध्ये त्यांचे पुतणे रिचर्ड यांनी हात-पाय हलणारं मोहेरचं (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या कापडाचं) अस्वल केलं. त्या पिनकुशनपासून सुरुवात करायला मला कधीच कमीपणा वाटलेला नाही, आणि तुमच्या हत्तीची सोंड भरताना तुम्ही जे शिकलात तेच सशाच्या नाकाला उपयोगी पडलं: लांबच्या टोकापासून, चिमूटभर फायबर, काडीने दाबत. मोठा गोळा एकदम कोंबला की गाठी होतात आणि त्या बाहेरून चोळून जात नाहीत. मान तर हाताला टणक लागेपर्यंत भरावी लागते, नाहीतर वापरात फायबर बसतं आणि डोकं लुळं पडतं.

तयार शिवलेली खोळ देऊन फक्त भरून घ्यायच्या कार्यशाळाही असतात. तासाभरात खेळणं हातात मिळतं, मुलांना त्यात मजाही येते. तुम्हाला तेच हवं असेल तर तिथे जरूर जावं. आमच्या नोंदणी अर्जावर ‘बेतण्यापासून शिवेपर्यंत सर्व हाताने, पहिलं खेळणं दोन दिवसांत पूर्ण होईलच असं नाही’ हे वाक्य सुरुवातीलाच आहे. ते काढण्याचा आमचा विचार नाही.

ससा अर्धा राहिलाय, पण राहिलेलं काम थोडं आहे. पाठ उघडी ठेवलीय ती मुद्दाम: डोळ्यांचा दोरा तिथून आत घ्यायचा, गाठ आतच राहते. मग पोटात फायबर भरून पाठ लॅडर स्टिचने, म्हणजे दोन्ही कडांतून आळीपाळीने घेतलेल्या, ओढल्यावर न दिसणाऱ्या टाक्याने, बंद करायची. टाचण्या लावून डोळ्यांची जागा ठरवायला मात्र वेळ घ्या, दोन्ही डोळे थोडे खाली आणि थोडे लांब ठेवले की चेहरा लहानग्याचा वाटतो. शनिवारी सकाळी जुन्या विद्यार्थ्यांसाठी टेबल मोकळं असतं, त्याची वेगळी फी नाही. ससा, उरलेला जाड दोरा आणि लांब सुई घेऊन या. टाचण्या काढल्या का, हे पाठ बंद करण्याआधी आपण दोघी मोजून बघू.