साबणाचे हात

चतुर्थी होऊन चार दिवस झाले, तरी माझा राग उतरलेला नाही. गुहागरजवळच्या आमच्या मूळ घरी मला मोदक वळू दिले नाहीत, कारण मी हात धुतले होते.

धुतले नव्हते म्हणून नाही. धुतले होते म्हणून!

विहिरीवरचा साबण कावळा पळवतो, म्हणून मी मुंबईहून हँडवॉशची बाटलीच आणली होती. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठ्याचं बूड, सगळं वीस सेकंद चोळून, हात वर धरून, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचलो. आत्याने पारी करता करता नाक वर केलं.

"साबण लावलास?"

"भरपूर."

"मग तिथेच थांब. साबणात चरबी असते. सोवळ्यात चालायचं नाही."

आणि तिच्याच शेजारी नाना सोलकढीसाठी नारळाचा रस पिळत बसले होते.

नाना माझे चुलतकाका. एस.टी.त कंडक्टर होते. तीस वर्षं बोटाला थुंकी लावून तिकिटं फाडली, एस.टी. सुटली, थुंकी सुटली नाही. वर्तमानपत्र असो, केळीचं पान असो, आधी बोट जिभेला लागतंच. अंगावर कद. रेशीम ओवळं होत नाही, त्यामुळे तो धुवायचा प्रश्नच येत नाही. माझ्या मुंजीत तो जांभळा होता असं काही जण सांगतात. आता त्याला रंग नाही, इतिहास आहे. त्यालाच हात पुसत नाना पिळत होते. उजव्या अंगठ्याला विळी लागलेली, वर चिंधी.

"नाना, हात धुतलेत?"

"आंघोळ झाल्ये माझी."

"आंघोळीनंतर मांजर उचलून बाहेर टाकलंत. मी बघितलं."

"मांजराला विटाळ नसतो."

"आणि चिंधीखाली काय आहे?"

"अंगठा."

मी जंतूंवर आलो. नाना म्हणाले, "मोदक उकडतात ना? वाफेत मरतील तुझे जंतू." हे बरोबर होतं, आणि म्हणूनच मला झोंबलं. मी म्हटलं, जंतू मरतात. पण जखमेतला स्टॅफिलोकोकस अन्नात वाढून जे विष सोडतो, ते उकळलं तरी जात नाही. शिवाय सोलकढी कुठे उकळता?

"उकळली तर फुटेल."

"तेच म्हणतोय मी!"

"काय, फोडू म्हणतोस?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी नानांना व्हिएन्नाला नेलं. सेमेलवाइस नावाचा डॉक्टर. तिथले डॉक्टर मुडदे चिरून तसेच बाळंतपणं करायला जायचे. १८४७च्या एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बाळंतिणी गेल्या. याने सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले.

"चुना? म्हणजे आमचाच!" नाना खूश झाले. त्यांची डबी कनवटीलाच होती.

"तो नाही हो. ऐका. जूनमध्ये मृत्यू दोनावर आले."

"मग सत्कार केला असेल त्याचा."

"नाही. आपले हात घाण म्हटल्याचा बड्या डॉक्टरांना राग आला. शेवटी त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. १८६५ साली तिथेच वारला."

"बघ!" नाना म्हणाले, आणि चोथ्यात पाणी घालून दुसरा रस काढायला लागले.

याच नानांनी २०२० साली मला पडवीत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. गडग्यापलीकडे दगडावर साबणाची वडी ठेवून लांबून ओरडत होते, "कोपरापर्यंत घास!" दुधाच्या पिशव्या धुतल्या, माझी बॅग धुतली, आतल्या चार्जरसकट. तेव्हा साबणात चरबी नव्हती का? विचारलं, तर म्हणतात, "तो रोग परका होता. हे जंतू घरचे."

हसा तुम्ही. गेल्या गणपतीत आमच्या तान्ह्या नातवाला रात्रभर जुलाब झाले. आधी दात येताहेत म्हणाले, मग दृष्ट लागली म्हणाले. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. पंचामृत कोणाच्या बोटाने चाटवलं, हे विचारणारा मी मात्र आगाऊ ठरलो. हातपाय न धुता कोणी घरात आलं तर ओरडणारी ही माणसं. पण धुणं म्हणजे तांब्याभर पाणी ओतणं. माशी झटकावी तसं.

पंगतीत नाना सोलकढी वाढायला आले. वाटी त्यांनी उचलली, अंगठा आत. चिंधी नव्हती. कुठे गेली, विचारायची माझी हिंमत झाली नाही. "कढी पोटाला चांगली," नाना म्हणाले. मी ती केळीच्या बुंध्यापाशी ओतली.

संध्याकाळी बाटली हातात फिरवताना कोपऱ्यात दिसला तो हिरवा ठिपका. शाकाहारी! धावत स्वयंपाकघरात गेलो. आत्याने चश्मा लावला, बाटली लांब धरून बघितली.

"हिरवा आहे खरा. चरबी नाही म्हणजे यात."

"मग?"

"मग सकाळी नाही का सांगायचंस? ये आता, मोदकपात्र घासायचंय. त्याला सोवळं लागत नाही."