डिशवॉशरचा हीटर : एक खुलासा

‘डिशवॉशरमध्ये पाणी तापत नसेल, तर हीटर जळालाच समजा आणि नवा बसवा’ असा संदेश सोसायटीच्या गटांवर फिरत आहे. तो अर्धवट आहे. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १८०० ते २००० वॅटच्या हीटरचा रोध साधारण २६ ते २९ ओहम असतो, आणि प्लग काढून, हीटरच्या तारा सोडवून मल्टिमीटरने मोजल्यावर तेवढा आकडा आला, तर कॉइल तुटलेली नाही. आमच्या यंत्रात २७ ओहम भरले; दोष निघाला कंट्रोल बोर्डावरील रिलेच्या (हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) पायाशी, जिथे सोल्डरिंगचा जोड तडकून भोवती काळे कडे पडले होते. (नवा हीटर तोवर मागवून झाला होता.) गाळणी तुंबून पाण्याचा दाब कमी पडला, तरीही अनेक यंत्रे हीटर चालू करत नाहीत. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास हा खुलासा त्याच गटात टाकावा.