सादिओ मानेचा फुटका फोन: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका बोधकथेचा प्रतिवाद

सेनेगलचा फुटबॉलपटू सादिओ माने याच्याविषयीचा एक संदेश गेली काही वर्षे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे आणि थोड्याथोड्या दिवसांनी तो नव्याने अंगावर येतो. आजवर मी तो वाचून सोडून देत होतो. या वेळी तो आमच्या घरच्या गटावर आला, आणि ज्या निमित्ताने आला ते पाहून गप्प बसवले नाही. माझा भाचा कोल्हापुरात शाळेत शिकतो आणि तिथल्या पोरांना जडतो तसाच त्यालाही फुटबॉलचा नाद जडला आहे. बुटाचा तळ सुटला म्हणून त्याने नवे बूट मागितले, तेव्हा भाऊजींनी उत्तरादाखल हा संदेश गटावर टाकला आणि खाली लिहिले, "वाच जरा. हा अनवाणी खेळून एवढा मोठा झाला." त्यावर घरातल्या झाडून साऱ्या वडीलधाऱ्यांचे जोडलेले हात उमटले.

संदेशातला मजकूर थोडक्यात असा आहे. सत्तावीस वर्षांचा माने इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या क्लबकडून खेळतो आणि आठवड्याला १ कोटी ४० लाख रुपये कमावतो, तरी त्याच्या हातात नेहमी फुटका फोन दिसतो. नवा का घेत नाही असे मुलाखतीत विचारल्यावर तो म्हणाला की असे हजार फोन, दहा फेरारी, हिऱ्यांची घड्याळे आणि दोन विमाने मी घेऊ शकतो, पण ती घेऊन काय करू? मी उपाशी राहिलो, शेतात राबलो, अनवाणी खेळलो, शिकलो नाही. म्हणून आता शाळा बांधतो आणि एका गरीब भागातल्या सर्वांना दरमहा ७० युरो देतो. आमच्या गटावर आलेल्या आवृत्तीत कोणा पुण्यवंताने शेवटी भर घातली आहे की मानेला राग म्हणून ठाऊक नाही आणि गरिबांच्या सेवेसाठी त्याने लग्नही केलेले नाही.

फोनपासून सुरुवात करू. काच तडकलेला फोन हातात असलेले मानेचे छायाचित्र निघाले होते, हे खरे. मात्र फेरारी, घड्याळे आणि विमाने यांविषयीचे जे उद्गार त्याच्या नावावर २०१९ च्या ऑक्टोबरपासून इंग्रजीत फिरत आहेत, त्यांत फोनचा उल्लेखच नाही. म्हणजे छायाचित्र एकीकडचे, उद्गार दुसरीकडचे, आणि त्या दोहोंना जोडणारा "नवा का घेत नाही" हा प्रश्न आपल्याकडच्या कोणा हौशी लेखकाचा. हजार फोनही त्याच्याच खिशातून आलेले आहेत.

मानेच्या घरी चैनीची वस्तूच नसते, असे ज्यांना या संदेशावरून वाटते त्यांनी १९ फेब्रुवारी २०१९ ची रात्र आठवावी. युरोपी क्लबांच्या चॅम्पियन्स लीग या स्पर्धेत जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्ध माने लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर खेळत असताना त्याच्या लिव्हरपूलमधल्या घरी चोरी झाली, आणि तिथल्या मर्सीसाइड पोलिसांनी चोरीला गेलेल्या वस्तूंत घड्याळे, मोबाइल फोन आणि गाड्यांच्या किल्ल्या असल्याचे सांगितले. घड्याळे, फोन आणि किल्ल्या, तिन्ही अनेकवचनी. यात त्याचा काडीचाही दोष नाही. कष्टाच्या पैशातून माणसाने चांगली गाडी घ्यावी आणि दानधर्मही करावा, यात विसंगती कसली? विसंगती दिसते ती दात्याने फाटकेच राहिले पाहिजे अशी आपली समजूत असते म्हणून.

उत्पन्नाच्या आकड्याबाबत मात्र संदेशाला थोडे श्रेय देणे भाग आहे. इंग्लंडमधील क्लब खेळाडूंचे पगार जाहीर करीत नाहीत, पण नोव्हेंबर २०१८ मध्ये मानेने लिव्हरपूलशी नवा करार केला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी आठवड्याला सुमारे दीड लाख पौंड असा अंदाज छापला होता, आणि त्या वेळच्या दराने त्याचे साधारण तेवढेच रुपये होतात. फक्त ही रक्कम करापूर्वीची असून तिथे वरच्या उत्पन्नावर ४५ टक्के आयकर लागतो, हे संदेशात कोणी सांगत नाही. असो. आकडा सोडला, कारण पुढच्या मुद्द्यासाठी तो मलाच हवा आहे.

तो मुद्दा सत्तर युरोंचा. मानेचे गाव बंबाली हे सेनेगलच्या दक्षिणेत, कासामान्स भागात, सेदिऊ नावाच्या प्रांतात आहे. मधोमध घुसलेल्या गांबिया या चिंचोळ्या देशामुळे हा सगळा भाग राजधानी डकारपासून तुटल्यासारखा झाला आहे. २०१३ च्या जनगणनेत सेदिऊ प्रांताची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास होती. आता संदेशात म्हटल्याप्रमाणे भागातल्या सर्वांना दरमहा ७० युरो द्यायचे, तर महिन्याला ३ कोटी १५ लाख युरो लागतील. तेव्हाच्या ८० रुपयांच्या दराने ते अडीचशे कोटी रुपये झाले. संदेशातच दिलेली मानेची कमाई आठवड्याला १ कोटी ४० लाख, म्हणजे महिन्याला सहा कोटी, तीही कर वजा न करता. जो माणूस महिन्याला सहा कोटी मिळवतो तो महिन्याला अडीचशे कोटी वाटतो आणि तरी त्याच्या हातात फोन उरतो, मग तो फुटका का असेना, हा खरा चमत्कार म्हटला पाहिजे! एकाच परिच्छेदातली ही दोन वाक्ये एकमेकांना खोटे पाडतात आणि हा हिशेब करायला कागदपेन्सिलही लागत नाही. तरीही बँकेत नोकऱ्या करून निवृत्त झालेली मंडळी हा संदेश पुढे ढकलतात. गावापुरते बोलायचे तर गणित बसू शकते, कारण बंबालीची वस्ती दोनेक हजारांची सांगतात आणि तेवढ्यांना महिन्याला दीडएक लाख युरो वाटणे मानेच्या आवाक्यातले आहे. पण संदेशात गाव नाही, प्रदेश आहे. गावाला केलेल्या मदतीला प्रांताचा अन्नदाता बनवल्याशिवाय आपल्याला नमस्कार करावासा वाटत नाही.

याहून वाईट मुद्दा अनवाणी पायांचा आहे, कारण सत्तर युरोंच्या थापेने कोणाचे बिघडत नाही, पण या मुद्द्याने एका पोराचे तोंड बंद झाले आहे. लहानपणी माने गावात मिळेल त्या गोष्टीला लाथ मारीत अनवाणी खेळला, हे कोणी नाकारीत नाही. प्रश्न असा आहे की तो मोठा झाला तो अनवाणीपणामुळे की तो असतानाही? याचे उत्तर खुद्द मानेने दिलेले आहे. डकारमध्ये निवड चाचणीला गेला तेव्हाचा प्रसंग त्याने मुलाखतीत सांगितला आहे. तिथल्या एका वयस्कर माणसाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि चाचणीसाठीच आला आहेस ना, असे विचारले. हो म्हटल्यावर, असल्या बुटांनी कसा खेळणार आणि ही चड्डी खेळाडूची आहे का, असा दुसरा प्रश्न आला. बूट जुने होते आणि फाटलेले होते. माझ्याकडे आहेत त्यांतले हेच बरे आहेत, मला फक्त खेळून दाखवू द्या, असे माने म्हणाला. त्याने खेळून दाखवले आणि त्याच माणसाने त्याला लगेच आपल्या संघात घेतले. हा प्रसंग नीट वाचावा. फाटक्या बुटांनी मानेला मोठे केले नाही. फाटक्या बुटांमुळे तो चाचणीआधीच हसण्यावारी जाऊन परत पाठवला जाण्याच्या बेतात होता. त्या दिवशी तसेच हसे झाल्यावर घरी गेलेल्या मुलांवर कोणी संदेश लिहीत नाही. अशा माणसाची गोष्ट एखाद्या मुलाला बूट नाकारण्यासाठी वापरायची, म्हणजे त्या गोष्टीच्या नेमके उलट वागायचे.

शिक्षणाबद्दलही हेच. माने शिकलेला नाही, हे तो स्वतः म्हणतो आणि त्यात त्याला अभिमान वाटत असल्याचे दिसत नाही. पंधराव्या वर्षी तो घरी कोणाला न सांगता डकारला पळून गेला, घरच्यांनी शोधून परत आणले, आणि मग तडजोड अशी ठरली की आणखी एक वर्ष शाळेत काढायचे, त्यानंतर फुटबॉलसाठी जाऊ देऊ. ते वर्ष त्याने काढले. पुढे त्याला पाठवण्यासाठी काकांनी शेतातले पीक विकले. "एकट्याच्या जिद्दीवर" हे संदेशातले शब्द लिहिणाऱ्याने निदान त्या काकांची तरी लाज बाळगायला हवी होती.

आणि काकांच्या पुढे एक अख्खी व्यवस्था उभी होती. डकारजवळची जेनेरास्यों फूट ही अकादमी २००० साली मादी तुरे यांनी सुरू केली आणि २००३ पासून फ्रान्सच्या मेत्झ क्लबशी तिचा करार आहे. मेत्झने पैसा आणि प्रशिक्षण पुरवायचे आणि चांगल्या खेळाडूंवर पहिला हक्क त्याचा. पापिस सिसे, दियाफ्रा साखो, इस्माइला सार, पाप मातार सार ही सगळी मुले याच वाटेने युरोपात गेली आणि मानेही २०११ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, याच वाटेने मेत्झला पोहोचला. जानेवारी २०१२ मध्ये तो तिथे पहिला सामना खेळला. त्याच हंगामात मेत्झ तिसऱ्या श्रेणीत घसरला, लंडन ऑलिंपिकमध्ये सेनेगलकडून चमकल्यावर सुमारे ४० लाख युरोंना त्याला ऑस्ट्रियाच्या साल्झबर्गने घेतले, २०१४ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टनने आणि २०१६ मध्ये लिव्हरपूलने. साउदॅम्प्टनकडून १६ मे २०१५ रोजी अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध त्याने २ मिनिटे ५६ सेकंदांत तीन गोल केले, ज्याहून जलद हॅटट्रिक प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेत तोवर झाली नव्हती. यातल्या प्रत्येक टप्प्यावर बूट, आहार, डॉक्टर, प्रशिक्षक आणि खेळाडू विकून पैसा करणारा क्लब होता. हा व्यापार आहे आणि त्यात आफ्रिकी अकादमीला काय मिळते व युरोपी क्लबला काय, यावर भांडायला भरपूर जागा आहे. पण तो वगळून केवळ जिद्द शिल्लक ठेवली की मागे राहतो तो चमत्कार. चमत्कारावर विश्वास ठेवणाऱ्या घरांतूनच बनावट एजंट पैसे उकळतात. युरोपात चाचणी करून देतो असे सांगून पश्चिम आफ्रिकेतल्या मुलांना परक्या शहरात सोडून देण्याचे प्रकार इतके झाले की अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदल्यांवर फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेला २००१ मध्ये निर्बंध कडक करावे लागले. मानेचे एकोणिसावे वर्ष त्या नियमात बसणारे होते, हेही लक्षात घ्यावे.

शाळा आणि दवाखाना मात्र खरे आहेत आणि ते मी खळखळ न करता मान्य करतो. बंबालीतल्या माध्यमिक शाळेसाठी त्याने अडीच लाख पौंड दिले आणि २०२१ च्या जूनमध्ये तिथे त्याच्या पैशाने उभे राहिलेले रुग्णालय सुरू झाले. यामागचे कारण संदेशातल्या कोणत्याही वाक्यापेक्षा जास्त बोलके आहे. माने सात वर्षांचा असताना त्याचे वडील पोटाच्या आजाराने गेले. गावात रुग्णालय नव्हते, म्हणून त्यांना झाडपाल्याच्या औषधासाठी दुसऱ्या गावी नेले होते. बहिणीचा जन्मही त्याच कारणाने घरीच झाला. संदेश लिहिणाऱ्याला फेरारी आणि हिरे सापडले, हे सापडले नाही. शिवाय इमारत झाल्यावर माने त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष माकी साल यांना भेटला आणि डॉक्टर-परिचारिका पुरवण्याविषयी बोलला, कारण भिंती एक खेळाडू बांधू शकतो, पण रोजचा दवाखाना सरकारनेच चालवावा लागतो, एवढे त्याला कळते. मशिदीतले शौचालय धुतानाचा त्याचा २०१८ चा व्हिडिओही खरा आहे. लिव्हरपूलमधल्या ज्या मशिदीत तो नमाजाला जाई, तिथलाच तो आहे.

राहता राहिले राग आणि लग्न. एप्रिल २०२३ मध्ये माने बायर्न म्युनिककडून खेळत होता; मँचेस्टर सिटीविरुद्ध बायर्न हरल्यानंतर तो आणि त्याचा सहकारी लेरॉय साने यांच्यात जुंपली. बायर्नने गैरवर्तनाबद्दल मानेला पुढच्या सामन्यातून वगळले आणि दंडही केला, आणि हे क्लबने स्वतः जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो सौदी अरेबियाच्या अल-नस्रकडे गेला, तो काही तिथली हवा चांगली म्हणून गेला नाही. तिशी ओलांडलेल्या खेळाडूने हातात उरलेल्या वर्षांचा जास्तीत जास्त मोबदला घ्यावा हे रास्तच आहे, फक्त मग त्याला पैशाची पर्वा नाही असे म्हणू नये. लिव्हरपूल तर त्याने २०२२ मध्येच सोडले होते. आणि गरिबांसाठी अविवाहित राहिलेल्या या गृहस्थाने जानेवारी २०२४ मध्ये सेनेगलमध्ये लग्न केले आणि मग काही दिवसांतच आफ्रिका चषकाच्या सामन्यांसाठी तो आयव्हरी कोस्टला रवाना झाला.