व्हॉल्व्हला अक्कल येते तेव्हा

मी कारखान्यात कंट्रोल व्हॉल्व्ह बघतो असं सांगितलं की आमच्या गल्लीत माझ्याकडे एकदम आदरानं बघतात. "म्हणजे पाणी सोडायचं तुमच्या हातात?" सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे इथं चावीवाल्याला जो मान आहे तो कलेक्टरलाही नसेल. मी पाणी सोडतो हे खरं आहे. फक्त ते साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातं, आणि त्याचा गल्लीला काही उपयोग नाही.

त्यातही सोडणारा मी नव्हे. कंट्रोल रूममधून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल निघतो, आय-टू-पी नावाचं खेळणं त्याची ३ ते १५ पीएसआय दाबाची हवा करतं आणि व्हॉल्व्हच्या अंगावर बसवलेला पोझिशनर नावाचा डबा त्याप्रमाणे व्हॉल्व्हला सांगितल्या जागी नेऊन उभा करतो. व्हॉल्व्ह खरंच तिथं पोचला की नाही, हे कळायला स्टेमला, म्हणजे व्हॉल्व्हच्या वर-खाली सरकणाऱ्या दांड्याला, एक पट्टी जोडलेली असते. आमचे जुने डबे म्हणजे फ्लॅपर, नॉझल, कॅम, स्प्रिंग. सगळं डोळ्यांना दिसणारं. बिघडलं की आमचे फिटर मामा झाकण उघडायचे, नॉझलमध्ये बारीक तार घालायचे, फुंकर मारायचे, पान्याच्या मुठीनं एक टिचकी द्यायचे आणि खाली उतरायचे. हंगाम पार पडायचा.

हे सुख साहेब लोकांना बघवलं नाही. कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आलेल्यांनी तिथं पोझिशनरच्या अंगावर मोबाइलसारखा डिस्प्ले बघितला, आणि पुढच्या मीटिंगमध्ये 'आपलेही सगळे पोझिशनर स्मार्ट करावेत' असं ठरलं. कारखान्यात आधी कोण कोण स्मार्ट व्हायला हवं याची माझ्याकडे वेगळी यादी होती, पण ती कुणी मागितली नाही.

हे काम करायचं ऑफ सीझनला. गाळप चालू असताना फीड वॉटरच्या, म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या, व्हॉल्व्हला हात लावायची कुणाची छाती नाही. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी खाली गेली तर ट्यूबा जातात आणि वर गेली तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडे निघतं. म्हणून आधी सर्व्हे. तोही मे महिन्यात. ४३ डिग्रीत डिएरेटर (बॉयलरच्या पाण्यातली हवा काढणारी टाकी) असलेल्या मजल्यावर चढताना शिडीचा कठडा हाताला चिंधी गुंडाळल्याशिवाय धरवत नाही. वर जाऊन बघतो तर एकाही व्हॉल्व्हची नेमप्लेट वाचता येईना. आमच्याकडे दर वर्षी गाळपाआधी रंगरंगोटी होते आणि रंगारी अत्यंत प्रामाणिक माणूस आहे. तो व्हॉल्व्ह रंगवतो, पाइप रंगवतो, नेमप्लेट रंगवतो. एकदा एका प्रेशर गेजची काचही रंगवली होती. मॉडेल नंबर, स्ट्रोक, स्प्रिंगची रेंज, सगळं चंदेरी रंगाच्या थराखाली गाडलेलं. मामा रॉकेलचा बोळा आणि रुपयाचं नाणं घेऊन खरवडत बसले. एक थर निघाला की खाली दुसरा, त्याखाली हिरवा, त्याखाली एकदाचा एक आकडा. "मालक, हा तीन हाय का आठ?" मी म्हटलं, तीन असावा. मामा म्हणाले, "आठच धरा. मोठं मागिटलं म्हंजे कमी तरी पडत नाय."

पुढं परचेस. कोटेशनमध्ये पोझिशनरची एक ओळ होती आणि त्याच्याखाली माउंटिंग किटची दुसरी. परचेसवाल्यांनी लाल पेनानं दुसरी ओळ उडवली आणि शेजारी लिहिलं, 'ब्रॅकेट वर्कशॉपमध्ये करून घ्यावेत.' बाराशे टन लोखंड पडलेल्या कारखान्यानं लोखंडाची वाकडी पट्टी विकत घ्यायची म्हणजे त्यांना पाप वाटतं. मी समजावलं की व्हॉल्व्ह बरोबर ५० टक्के उघडा असताना पट्टी स्टेमला काटकोनात आली पाहिजे, म्हणून किट लागतं. ते म्हणाले, "काटकोन आमच्या वेल्डरला बी येतो."

माल नवरात्रात आला. बॉयलरचं अग्निप्रदीपन तोंडावर, मंत्री समितीनं गाळपाची तारीख दिलेली, टोळ्या वाटेवर, आणि डबे हे असे सील केलेल्या खोक्यात. उघडून बघितलं तेव्हा कळलं की हा अधिक महिन्यातला जावई आहे. जुना आय-टू-पी तीन-चार व्होल्टमध्ये समाधानी असायचा. ह्याला नऊ-दहा तरी लागतात, आणि कंट्रोल रूममधल्या, सिग्नल पाठवणाऱ्या आमच्या जुन्या कार्डाला तेवढे देताना घाम फुटतो. हवा कोरडी हवी, तेलाचा अंश नको, धूळ नको. इन्स्ट्रुमेंट एअरचा, म्हणजे या डब्यांना लागणाऱ्या हवेचा, दवबिंदू तिथल्या सगळ्यात थंड तापमानाच्याही किमान १० अंश खाली असावा, कण ४० मायक्रॉनपेक्षा मोठे नसावेत, असं मानकात लिहिलंय. आमचा हवा सुकवणारा ड्रायर बंद पडून इतका काळ लोटलाय की त्याच्यावर आता जेवणाचे डबे वाळत घालतात.

कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर मुंबईहून सकाळच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं उतरला आणि रात्रीच्या सिद्धेश्वरनं परत जायचं असं सांगतच उतरला. कोवळा पोरगा, पाठीवर सॅक, हातात हँडहेल्ड कम्युनिकेटर, म्हणजे पोझिशनरशी बोलून त्याची सेटिंग करायचं यंत्र. तारा जोडल्या. त्या हँडहेल्डनं स्वतःच्याच कंपनीच्या पोझिशनरला ओळख दाखवली नाही. पोझिशनर नव्या आवृत्तीचा, हँडहेल्डमध्ये फाइल जुनी. पोरगा फाइल उतरवायला मोबाइलची रेंज शोधत उसाच्या गव्हाणीपर्यंत चालत गेला.

परत आल्यावर ऑटो कॅलिब्रेशन. बटण दाबलं की पोझिशनर स्वतःच व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, पूर्ण मिटतो, मग हवेला किती जोर लावला तर किती हलतो याचा अंदाज घेत बसतो. पाच-सात मिनिटांचं काम. भोवती बघ्यांची ही गर्दी. स्टेम खसकन वर गेला, थांबला, टिकटिक करत खाली आला. मामा दोन पावलं मागं. "आपापच हालतंय की ओ! हात कुणी लावलाय?" पोरगा म्हणाला, "काका, तो स्वतःला शिकवतोय." मामा म्हणाले, "मंग आमी काय करायचं?" या प्रश्नाला त्याच्या ट्रेनिंगमध्ये उत्तर नसावं. तेवढ्यात डिस्प्लेवर 'एरर' आलं. ब्रॅकेट तिरका. वेल्डरला बोलावलं, त्यानं डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "ब्रॅकेट सरळ हाय. व्हॉल्व्ह तिरका बसलाय."

भोकं लांबवली, पट्टी काटकोनात आली, कॅलिब्रेशन पास झालं. कंट्रोल रूममधून ऑपरेटरनं ३० टक्के दिलं. व्हॉल्व्ह ७० वर जाऊन थांबला. ७० दिलं, ३० वर आला. कुणी तरी पूर्वी कंट्रोल सिस्टीममध्ये सिग्नल उलटा करून ठेवला होता, जुन्या पोझिशनरचा कॅमही उलटा होता, आणि दोन उलट्यांनी मिळून इतकी वर्षं संसार सुरळीत चालवला होता. आता एकानं सुधारायचं ठरवल्यावर घोटाळा झाला. 'तुमच्या बाजूला प्रॉब्लेम आहे' हे वाक्य सिस्टीमवाले आणि पोझिशनरवाले यांनी आलटून पालटून म्हटलं. पोरगा मधेच घड्याळ बघत होता. शेवटी त्यानंच सेटिंग बदललं आणि स्टेशनकडे पळाला.

इथपर्यंत सगळं चालतं. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती माहितीपत्रकात छापत नाहीत: जुना डबा मुका होता, नवा बोलतो. दुसऱ्याच दिवशी स्क्रीनवर आलं, स्टेमला घर्षण जास्त. शोधलं तर मेकॅनिकलवाल्यांनी ग्लँडची (स्टेमभोवतीच्या पॅकिंगची) गळती थांबवायला नट इतके आवळलेले की स्टेम बिचारा कसाबसा सरकत होता. जुना पोझिशनर मुकाट्यानं जोर लावून काम भागवायचा. ह्यानं तारखेसकट नोंद ठेवली आणि ती चीफ इंजिनिअरनी वाचली. मेकॅनिकलचे साहेब चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "तुमचं यंत्र आमच्या चहाड्या करतंय, बरं का." मग बोलला, हवेचा दाब कमी, युटिलिटीवाले रुसले. मग बोलला, अमुक व्हॉल्व्ह सारखा मागं-पुढं हलतोय. तर ऑपरेटर म्हणाला, आम्ही तो लूप (त्या व्हॉल्व्हचं आपोआप चालणारं नियंत्रण) कधीच ऑटोला टाकत नाही, आम्हाला मॅन्युअलच बरं वाटतं. मग मीटिंग झाली. मला वाटलं, ग्लँड, ड्रायर आणि लूप यांचं काहीतरी ठरेल. ठरलं ते असं, की अलार्म फार येतात, ते बंद करावेत.

मी बंद केले नाहीत. स्क्रीनवर दिसणार नाहीत आणि माझ्या कॉम्प्युटरवर साठत राहतील एवढीच व्यवस्था केली. पुढच्या ऑफ सीझनला कुठला व्हॉल्व्ह उघडायचा आणि कुठल्याला हात लावायची गरज नाही, हे आता रंगाचे थर न खरवडता कळतं. तेवढ्यासाठी मी जावयाचे सगळे लाड करायला तयार आहे.

परवा उरलेल्या व्हॉल्व्हसाठी इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, पाठवला, तर परचेसकडून एक फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: 'मागील खरेदीमुळे मनुष्यबळात झालेली बचत.' ड्रायर अजून बंदच असल्यामुळे मामा दर पाळीत दोनदा वर चढून प्रत्येक फिल्टर रेग्युलेटरमध्ये हवेतून साठलेलं पाणी काढतात, आणि मामांना मदतीला एक पोरगा दिलाय. मी रकान्यात लिहिलं, 'वजा एक.' परचेसवाल्यांनी वजाचं चिन्ह पेनाची रेघ समजून खोडलं आणि फाइल मंजूर केली.